दाखल्यावरील विश्वास आणि लहान द्राक्ष-बागायतदार

निफाड तालुका द्राक्षांचा म्हणावा की कांद्याचा, हा वाद आमच्याकडे जुना आहे. परंतु माघ-फाल्गुनात पिंपळगाव बसवंत किंवा ओझरच्या बाजूने जाणाऱ्या परक्या माणसास तो पडण्याचे कारण नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांस मांडवावर चढलेल्या वेली, त्यांखाली बसून घडातले खराब मणी कात्रीने काढणाऱ्या बाया, बांधावर रचलेले क्रेट आणि मालाची वाट पाहत उभ्या असलेल्या मालमोटारी, असा सारा देखावा भरभराटीचा दिसतो. न दिसणारी गोष्ट एकच. ज्या घडासाठी बागायतदाराने वर्षभर जिवाचे रान केले, त्या घडाकडे शहरातील गिऱ्हाईक आता संशयाने पाहू लागले आहे. ह्या संशयाची कारणे कोणती व त्याचा भार अखेर कोणाच्या डोक्यावर पडतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गेल्या हंगामात माझ्या परिचयाच्या एका बागायतदाराच्या मालास व्यापाऱ्याने किलोमागे चार रुपये कमी सांगितले. कारण विचारता, "शहरातले गिऱ्हाईक औषधाला भिते, माल उठत नाही," असे उत्तर मिळाले. ह्या गृहस्थांची बाग अवघी एक एकर. त्यांनी पदरचे पैसे घालून मालाची तपासणी करून घेतली होती व तिचा दाखलाही खिशात होता. तेव्हा थोडा माल आपणच नाशकास नेऊन विकावा असे त्यांनी ठरवले, आणि रिकामपणामुळे मीही सोबत गेलो. रस्त्याच्या कडेस क्रेट मांडून आम्ही बसलो. एक प्रौढ बाई आल्या.

"औषध मारलेली नाहीत ना हो, भाऊ?"

"मारले आहे, ताई. औषधावाचून आमच्याकडे द्राक्ष हाती लागत नाही. पण शेवटच्या फवारणीनंतर दिवस मोजून तोड केली आहे, आणि हा तपासणीचा दाखला."

बाईंनी कागद हाती घेतला, शिक्का पाहिला आणि परत दिला. "शिक्क्याचे काय, भाऊ! आमच्या शेताच्या उताऱ्यावर तीन वर्षे गहू लागलेला आहे. शेतात बाभळी आहेत." मग त्यांनी अर्धा किलो द्राक्षे घेतली आणि मिठाच्या पाण्यात घालून ठेवीन म्हणून सांगून त्या निघून गेल्या.

बोलणे बागायतदारास उद्देशून होते, परंतु लागले मला. माझी उभी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. गावोगावचे पिकांचे गोषवारे माझ्या टेबलावर येत. बेरीज जुळली की मी ते पुढे पाठवीत असे. शेत कोणी पाहिले की नाही, हे मी कधी विचारले नाही; ते माझे काम नव्हे, अशी माझी समजूत होती. बाभळींच्या जागी गहू उभा राहतो तो अशाच समजुतींतून. सरकारी कागदावरचा लोकांचा विश्वास एका दिवसात उडालेला नाही, आणि जो उडाला आहे तो केवळ सात-बाऱ्यापुरता राहिलेला नाही.

कायद्याची व्यवस्था

अन्नाच्या शुद्धतेसाठी आपल्या देशात प्रथम १९५४ सालचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याच्या व इतर काही कायद्यांच्या जागी २००६ सालचा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम आला व त्याखालील नियम २०११ साली अमलात आले. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक कीडनाशकाचा अंश असलेले अन्न विकता येणार नाही, असे हा अधिनियम सांगतो. मात्र त्याच्याच अठराव्या कलमात शेतकरी, त्याची शेतीची कामे व शेतावरील पीक ह्यांना हा कायदा लागू नाही, असेही म्हटलेले आहे.

ही सूट शेतकऱ्यावरील दयेपोटी दिली गेली आणि तीत गैर काही नाही. प्रत्येक बांधावर निरीक्षक येऊ लागला असता, तर त्याचा जाच लहान शेतकऱ्यासच अधिक झाला असता. परंतु तिचा एक परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. तपासणी होते ती माल बाजारात गेल्यावर. आणि तोवर दहा बागांचा माल एका शेडमध्ये एकत्र झालेला असतो. एखाद्या नमुन्यात दोष निघालाच, तर तो कोणाच्या बागेचा हे सांगणे कठीण. चुकणारा सापडत नाही म्हणून संशय सर्वांवर पसरतो.

मर्यादा म्हणजे काय, हेही एकदा समजून घेतले पाहिजे. ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यास सर्वसाधारणपणे किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. दहा टनांच्या दहा मालमोटारी भरून द्राक्षे घेतली, तर त्या सर्वांत मिळून ते द्रव्य एक ग्रॅम असावे, इतके हे प्रमाण सूक्ष्म आहे. असा अंश डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. गिऱ्हाइकाने पारखून घ्यावे म्हटले, तरी त्याच्या हाती साधन नाही. त्यास दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावेच लागते. म्हणून येथे सारा प्रश्न विश्वासाचा आहे.

२०१० सालचा धडा

परदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ साली अपेडा ह्या सरकारी संस्थेने ग्रेपनेट नावाची पद्धत सुरू केली. तीत प्रत्येक बागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते, नमुना त्या बागेतूनच घेतला जातो, आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा ह्या साऱ्या तपासणीवर देखरेख ठेवते. पेटी युरोपात उघडली, तरी तिच्यावरील क्रमांकावरून ती कोणत्या बागेतील हे येथे सांगता येते.

इतके असूनही २०१० च्या हंगामात मोठा अनर्थ झाला. क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्यास आपण सीसीसी म्हणतो, त्याचा अंश युरोपात आपल्या द्राक्षांत मर्यादेबाहेर आढळला. तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम होती. वेलीची फाजील वाढ आवरून घडधारणा चांगली व्हावी म्हणून खरडछाटणीनंतर हे द्रव्य वापरण्याची आपल्याकडे चाल होती. आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. बागायतदाराने लपवले असे नाही, प्रयोगशाळेने खोटे लिहिले असेही नाही. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर दाखल्यावर आले नाही. परंतु माल अडकला, भाव कोसळले आणि नाशिक जिल्ह्यातील कित्येक बागायतदारांवर कर्जाचा डोंगर झाला.

त्यानंतर सीसीसीचा समावेश यादीत झाला, नियम कडक झाले, आणि व्यापार पुढे पुन्हा सुरू झाला. हे कशाने झाले? चूक उघड झाली, ती नाकारता आली नाही, आणि दुरुस्त केल्याचे खरेदी करणाऱ्यास दाखवता आले, म्हणून. बाहेरचे गिऱ्हाईक आपल्या प्रेमाखातर परत आले नाही.

घरच्या बाजाराची स्थिती

देशातील गिऱ्हाइकास मात्र असे काही पाहावयास मिळाले नाही. जून २०१५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मॅगी नूडल्सवर देशभर बंदी घातली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या आवश्यक मान्यता असलेल्या नव्हत्या आणि कंपनीस आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही, अशी कारणे न्यायालयाने दिली. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने आपल्याकडील काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात आपल्याकडे, मर्यादा न ठरलेल्या काही कीडनाशकांसाठी मसाल्यांपुरती मर्यादा दसपट, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम करण्यात आली. त्यासाठी शास्त्रीय कारणे दिली गेली. परंतु सामान्य माणसाने काय पाहिले? एक कचेरी विष म्हणते, दुसरी नाही म्हणते, आणि परदेशात अडतो तो माल घरी चालतो. त्याने सर्वच दाखल्यांवर फुली मारली, तर त्यास दोष कसा द्यावा?

ह्या अविश्वासाचा दंड मात्र सर्वांना सारखा होत नाही. वरील नूडल्स त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा दुकानात आल्या. मोठ्या भांडवलास पाच-सहा महिने थांबता येते. पिकलेले द्राक्ष थांबत नाही. पावसाचे ढग आले किंवा उष्मा वाढला, की बागायतदार मिळेल त्या भावास माल देतो.

तपासणीचा खर्चही असाच विषम आहे. तो नमुन्यावर ठरतो, बागेच्या आकारावर नव्हे. एका नमुन्यास पाच हजार रुपये पडले असे धरल्यास, दोन एकरांच्या तुकड्यास एकरी अडीच हजार आणि अर्ध्या एकराच्या तुकड्यास एकरी दहा हजार पडतात. ज्याची जमीन थोडी, त्यास प्रामाणिकपणा चौपट महाग.

ह्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. गिऱ्हाइकास चांगला माल व वाईट माल ह्यांतला भेद कळेनासा झाला, की ते दोहोंस एकच भाव देते, आणि तो वाइटाचा असतो. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखवले होते. फवारणीनंतरचे दिवस पाळणाऱ्या बागायतदारास पाळल्याचे काही मिळत नाही. न पाळणारा शेजारी आठ दिवस आधी तोडून मोकळा होतो. दोन-तीन हंगाम असे गेले, की पहिलाही विचार करू लागतो. अशा रीतीने खोटा संशयही काही वर्षांनी खरा होऊन बसतो. आज भाव जातो आहे. उद्या आपले शील जाईल, ही खरी भीती आहे.

आपण काय करावे

सरकारने काय करावे हे सांगणे सोपे आहे, आणि ते सांगितलेही पाहिजे. परदेशी जाणाऱ्या पेटीस जी काटेकोर तपासणी, ती घरच्या मुलाच्या ताटात जाणाऱ्या घडासही मिळावी; लहान बागायतदाराच्या नमुन्याचा खर्च सरकारने उचलावा; आणि बाजारातून घेतलेल्या नमुन्यांचे निकाल, चांगले व वाईट दोन्ही, त्या त्या हंगामातच लोकांपुढे यावेत. परंतु ते होईपर्यंत आपल्या हाती काहीच नाही, असे नाही.

एक, प्रत्येक बागेची फवारणीची वही असावी. तारीख, औषधाचे नाव, प्रमाण, आणि दुकानाची पावती. पावतीवाचून कोणतीही बाटली बांधावर येऊ देऊ नये. टॉनिकाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत काय असते, हे न कळल्याने पुष्कळ घात झाले आहेत. पिकाच्या वाढीस चालना देणारी अशी द्रव्ये २०२१ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली, तरी पावती नसेल तर दाद कोणाकडे मागणार?

दोन, लहान बागायतदारांनी गट करून एकाच प्रयोगशाळेशी ठराव करावा आणि तपासणीचा खर्च एकरांच्या प्रमाणात वाटून घ्यावा. नमुना मात्र प्रत्येक बागेचा निराळा हवा, नाहीतर एकाचा दोष दुसऱ्याच्या मालात बुडून जाईल. नमुना घेताना दोन शेजारी आणि शक्य तर एक खरेदीदार समोर उभा असावा.

तीन, पेटीवर गावाचे नाव व बागेचा क्रमांक असावा, आणि गटाचे सारे निकाल गावात फळ्यावर लागावेत. ज्याचा नमुना नापास झाला, त्याचाही लागावा. ही अट पुष्कळांस रुचणार नाही, हे मी जाणतो. पण ज्या फळ्यावर कधीच कोणी नापास होत नाही, त्यावर विश्वास कोण ठेवील?

महसूल खात्यातील अनुभवावरून एवढे सांगतो, की नोंदीची किंमत शिक्क्यात नसते. ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याच्या डोळ्यांत असते. पीक पाहणी शिवारात, चार माणसांदेखत झाली, तेथे ती नोंद वादाच्या वेळी टिकली. चावडीत बसून झाली, तेथे बाभळींचा गहू झाला. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून छायाचित्रासह नोंद करू लागला, त्यामागेही हाच विचार आहे.

त्या बाईंना त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या बागायतदाराकडे मात्र आता एक वही आहे. ती त्यांनी फळछाटणीची वाट न पाहता चैत्रातल्या खरडछाटणीपासूनच सुरू केली. कारण २०१० सालचा दोष चैत्र-वैशाखात शिरला आणि फाल्गुनात उघडा पडला, हे त्यांच्या ध्यानात आहे. पहिल्या पानावर शेजाऱ्याची सही आहे. येत्या हंगामात नाशकास जाताना दाखल्याबरोबर ती वहीही न्यावी, असे आमचे ठरले आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी दहा-वीस जणांनी जरी ह्याच छाटणीपासून असा क्रम धरला, तरी फळ्यावर लावावयास काही तरी खरे हाती येईल.