चौघांच्या डावाचं गणित वेगळं

'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात दोघांच्या सामन्यात जिंकणारा डेक चौघांतही चालेल, असं नव्या खेळाडूंना हमखास वाटतं. 'कमांडर' या प्रकारात ते खरं ठरत नाही. इथे कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या पत्ता, धरून 100 पत्ते, बेसिक लँड (माना देणारे साधे पत्ते) सोडल्यास प्रत्येक पत्ता एकदाच आणि सुरुवातीला 20 ऐवजी 40 लाइफ. समोर बहुधा तिघे, म्हणजे एकूण 120 लाइफ संपवायचं. एका मानात (माना म्हणजे पत्ता टाकण्याची किंमत) तीन डॅमेज देणारा 'लाइटनिंग बोल्ट' एवढ्याला कुठे पुरणार?

दिसेल तो क्रीचर मारत सुटायचं, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. दोघांच्या डावात माझा एक पत्ता खर्च झाला, तुमचाही एक गेला, की हिशेब बरोबरीत सुटतो. चौघांत मात्र आपण दोघंही एकेका पत्त्याने मागे पडतो आणि उरलेले दोघे हातही न हलवता पुढे जातात. एकेक क्रीचर मारणारे पत्ते डेकमध्ये हवेतच, पण जो आता डाव संपवणार आहे त्याच्यासाठी राखून ठेवायचे. उलट 'राथ ऑफ गॉड' चार मानात टेबलावरचे बहुतेक सगळे क्रीचर साफ करतो. त्यात आपलेही जातात, म्हणून आपली बाजू रिकामी असतानाच तो टाकावा.

याच गणिताने 'ऱ्हिस्टिक स्टडी'चं नशीब पालटलं. 2000 सालच्या 'प्रॉफेसी' संचात तो साधा कॉमन पत्ता होता. प्रतिस्पर्ध्याने स्पेल टाकला की त्याने एक माना जादा भरायचा, नाहीतर तुम्ही एक पत्ता ओढायचा. दोघांत हे एकाच माणसापुरतं. चौघांत तिघांकडून वसुली होते, आणि आपल्या खेळीच्या घाईत कुणीतरी "राहू दे, ओढ तू" म्हणतोच. आज कमांडरमधल्या सर्वांत धाक असलेल्या पत्त्यांत त्याचं नाव घेतलं जातं.

लँड कमी करून भारी पत्ते भरले की डेक तगडा होतो, हेही चूक. चौघांत पहिला खेळाडूसुद्धा पहिल्या पाळीला पत्ता ओढतो, त्यामुळे चौथ्या पाळीपर्यंत 11 पत्ते हाती येतात. 37 लँड असतील तर त्यांत सरासरी चार लँड येतात, 30 असतील तर जेमतेम तीन. पत्ते ओढून देणारे दहा पत्ते ठेवले, तर पहिल्या दहांत त्यांतला निदान एक येण्याची शक्यता सुमारे 67 टक्के. प्रत्येक पत्ता एकटाच असल्यामुळे ठरावीक पत्त्यावर भिस्त ठेवता येत नाही. एकाच कामाचे अनेक पत्ते लागतात.

आणि 40 लाइफ आहे म्हणून निवांत बसणाऱ्यांसाठी: एकाच कमांडरकडून लढाईत एकूण 21 डॅमेज झालं की लाइफ कितीही उरलेलं असो, तो खेळाडू बाद होतो.