विमानाच्या नाकावर एवढ्या काड्या कशाला?

नगरहून कल्याण रोडने टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा करत नारायणगावला गेलात, तर जवळच खोडदला जीएमआरटीच्या डिश आहेत. एकूण ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. गावाकडचे पाहुणे मला हमखास विचारतात, "एवढ्या मोठ्या, आणि त्याही जाळीच्या का?"

उत्तर आहे तरंगलांबी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. माझा डेटा २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे लाटा ६० सेंटीमीटर ते सव्वा मीटरच्या. एक-दोन सेंटीमीटरची भोकं अशा लाटेला जाणवतच नाहीत, म्हणून जाळी चालते. पण लाट जितकी लांब, तितका अँटेना मोठा लागतो.

जमिनीवर हे परवडतं. विमानावर काय करायचं?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपुढे हाच पेच होता. त्यांचं 'लिष्टेनश्टाइन' रडार ४९० मेगाहर्ट्झवर चालायचं, म्हणजे माझ्याच बँडमध्ये! तरंगलांबी ६१ सेंटीमीटर. एवढा अँटेना नाकाच्या आत मावेना, म्हणून काड्यांचा जुडगा बाहेर बसवला. हवेचा विरोध वाढून वेग घटायचा, त्यामुळे वैमानिक नाखूश. तरी ऑगस्ट १९४१ मध्ये लुडविग बेकरने डॉर्निअर २१५ वरच्या प्रायोगिक संचाच्या मदतीने रात्रीच्या अंधारात एक ब्रिटिश बॉम्बर पाडला. मग विरोध मावळत गेला.

खरी अडचण वेगळीच होती. ९ मे १९४३ रोजी एक युंकर्स ८८ पळून स्कॉटलंडमधल्या डाइस विमानतळावर उतरलं. रडार आयतंच ब्रिटिशांच्या हाती लागलं आणि फ्रीक्वेन्सी पक्की झाली.

आता गंमत बघा. तरंगलांबीच्या साधारण निम्म्या लांबीची धातूची पट्टी त्या लाटेला जोरात परत फेकते. २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर ब्रिटिशांनी सुमारे २७ सेंटीमीटरच्या, अॅल्युमिनियम लावलेल्या कागदी पट्ट्या ढिगाने सोडल्या. जमिनीवरचं 'वुर्झबर्ग' रडार ५६० मेगाहर्ट्झच्या आसपासचं, लिष्टेनश्टाइनचं शेजारीच. दोन्ही आंधळी झाली. ७९१ विमानांपैकी फक्त १२ पडली. त्या आठवड्याभरातल्या हल्ल्यांत शहरातली हजारो माणसं जळून मेली. ही युक्ती दोन्ही बाजूंना आधीच माहीत होती; समोरचाही तीच वापरेल या भीतीने दोघांनी ती दडवून ठेवली होती.

मग जर्मनांनी ९० मेगाहर्ट्झचं एसएन-२ आणलं. लाट ३.३ मीटरची, जुन्या पट्ट्या निकामी. पण अँटेना आणखी मोठा, हरणाच्या शिंगांसारखा. जुलै १९४४ मध्ये असंच एक विमान वाट चुकून इंग्लंडमध्ये वुडब्रिजला उतरलं, आणि लांब पट्ट्या तयार झाल्या.

ब्रिटिशांनी उलटी वाट धरली होती. १९४० च्या मॅग्नेट्रॉनमुळे १० सेंटीमीटरची लाट मिळाली, आणि छोटी डिश नाकाच्या आतच बसली.

माझ्या पीएचडीत हाच त्रास रोज भेटतो. रिसीव्हरला लाट कुणी पाठवली ते कळत नाही. त्याला विमान आणि कागदाची पट्टी सारखीच, तशी दूरची दीर्घिका आणि विजेच्या तारेवरची ठिणगीही सारखीच. फरक आपल्यालाच शोधावा लागतो. तो कसा शोधतात, ते पुढच्या लेखात.