बावन्न कीं पंचवीस ?

दिवेलागणीनंतर मुलांकडून मोठ्यानें पाढे म्हणवून घेण्याचा परिपाठ आमच्या घरांत चार पिढ्या चालत आला आहे. ह्या आठवड्यांत मात्र त्यांत एक विघ्न आलें. दुसरींतल्या नातवाच्या वर्गांत सध्यां दोन अंकी संख्या ऐकून लिहिण्याचा अभ्यास चालला आहे. सोमवारीं त्याची वही पाहिली, तों ‘बावन्न’ ह्या संख्येसाठीं त्यानें २५ लिहिले होते आणि ‘त्र्याहत्तर’साठीं ३७. घरांत ताबडतोब निकाल लागला. “स्वारीचें लक्ष नाहीं !” असें हे म्हणाले. धाकट्या जाऊबाईंनीं सारा दोष मोबाइलच्या माथीं मारला. मुलगा रडवेला होऊन मला म्हणाला, “आजी, मीं ऐकलें तसेंच लिहिलें ना !”

त्या एका वाक्यानें मी थबकलें. कारण त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ‘बावन्न’ म्हणतांना कानावर आधीं ‘बा’, म्हणजे दोन, पडतात व मागाहून पन्नास. कागदावर मात्र डावीकडून आधीं ५ लिहावयाचे आणि मग २. आपण बोलतों एका दिशेनें व लिहितों दुसऱ्या ! ही रीति संस्कृतांतून आलेली आहे. एकविंशतीचें झालें एकवीस, द्वापंचाशताचें झालें बावन्न. जर्मन भाषेंतही ‘एक आणि वीस’ असेंच म्हणतात. उलट आपल्या शेजारच्या कानडींत ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक. तेथें जीभ आणि लेखणी एकाच वाटेनें जातात.

शिवाय आपल्या संख्यांचीं रूपेंही किती पालटतात ! बेचाळिसांतला ‘बे’, बावन्नांतला ‘बा’ आणि ब्याऐंशींतला ‘ब्या’ हे तिन्ही एकच दोन आहेत, हें मुलानें कसें ओळखावें ? एकोणतीस म्हणजे तिसांत एक उणा. म्हणजे नांवांतच वजाबाकी. हा नियम एकोणनव्वदपर्यंत टिकतो आणि नव्याण्णवाशीं एकाएकीं सुटतो. आपल्याला हें सारें सोपें वाटतें, तें केवळ पाठ झालेलें आहे म्हणून.

2019 सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असें संख्यावाचन आलें, तेव्हां केवढा गदारोळ उठला होता, हें वाचकांस आठवत असेल. विधानसभेंतही त्यावर थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर परोपरीनें सांगत होत्या कीं, जोडाक्षरें व उलटा क्रम ह्यांमुळें लहान मुलें गणितालाच भिऊं लागतात. त्या वेळीं इतरांबरोबर मीही हंसलें होतें. नातवाची वही हातांत घेतल्यावर त्या हंसण्याची लाज वाटली.

ह्याचा अर्थ बावन्न, त्रेपन्न हे शब्द टाकून द्यावे असा मुळींच नाहीं. बाजारांत, पाढ्यांत, आजोबांच्या वयांत ते भेटणारच; ते आपल्या भाषेचें धन आहे. पण त्या धनापर्यंत पोंचण्यास एखादी पायरी घातली तर काय बिघडलें ? मंगळवारीं मीं नव्या खराट्याचे हीर सारखे तोडले व दहा-दहांच्या जुड्या बांधल्या. पांच जुड्या आणि दोन सुटे हीर त्याच्यापुढें ठेवून म्हटलें, “हे पन्नास-दोन. ह्यांचेंच आपलें घरचें नांव बावन्न.” आधीं जुड्या मोजावयाच्या, मग सुटे, लिहावयाचें त्याच क्रमानें, आणि शेवटीं नांव घ्यावयाचें. शुक्रवारपर्यंत दहांपैकीं नऊ संख्या बरोबर येऊं लागल्या, आणि मुख्य म्हणजे वही उघडतांना त्याचा चेहरा उतरेनासा झाला.

काल रात्रीं पाढे संपल्यावर त्यानें विचारलें, “आजोबा, नव्याण्णवाला एकोणशंभर कां नाहीं म्हणत ?” ह्यांना उत्तर सुचेना. थोडा वेळ विचार करून ते स्वतःच हिरांच्या जुड्या मांडीत बसले.

वाचकभगिनींनो, मुलाची वही तपासतांना चुकलेल्या आंकड्यावर लाल रेघ मारण्यापूर्वीं “तूं हें कसें ऐकलेंस ?” एवढें अवश्य विचारा. पुष्कळदां चूक मुलाच्या बुद्धींत नसून आपल्याच बोलण्यांत सांपडते.