एक वाटी पीठ म्हणजे किती ग्रॅम?

मधुमेहाच्या आहाराच्या कागदावर 'पीठ ६० ग्रॅम' असे लिहिलेले असते आणि घरात असते वाटी. मग "डॉक्टर, ६० ग्रॅम म्हणजे किती वाट्या?" हा प्रश्न येतोच. उत्तर एका आकड्यात देता येत नाही. आधी सांगा, पीठ कोणते?

वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. चंद्रपूर-गडचिरोलीत हे समजवायला फार बोलावे लागत नाही. पायलीभर धान आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला ठाऊकच असते. पिठाचेही तसेच आहे.

१५० मिलीची वाटी न दाबता, सपाट भरली तर गव्हाची कणीक किंवा ज्वारीचे पीठ सुमारे ७५ ग्रॅम बसते, बेसन ६० च्या आसपास आणि तांदळाचे पीठ ९५ ग्रॅमपर्यंत. पीठ चाळले की हलके होते, दाबून भरले की जड. शीग लावली तर आणखी १५-२० ग्रॅम सहज वाढतात. पाहुण्याला वाढताना शीग शोभते, पथ्याच्या मापाला नाही.

खरी अडचण पुढे आहे. आहाराचे बहुतेक छापील तक्ते पोळी खाणाऱ्यांसाठी केलेले असतात. झाडीपट्टीत मात्र भात आणि तांदळाच्या पिठाची भाकर जास्त. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदके असतात, तांदळाच्या पिठात सुमारे ७८. म्हणजे वाटीभर कणकेतून ४८ ग्रॅम, तर त्याच वाटीभर तांदळाच्या पिठातून ७४ ग्रॅम, जवळपास दीडपट! तक्त्यातल्या ६० ग्रॅम कणकेच्या जागी तांदळाचे पीठ घ्यायचे असेल तर साधारण अर्धी वाटीच घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावे. डोस तोच ठेवून एक दिवस भाकर आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वाटीची पोळी खाल्ली, तर साखर एकदम खाली येऊ शकते. डोस मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका.

तुमची वाटी १५० मिलीची असेलच असे नाही. एक लिटर पाण्यात ती सुमारे पावणेसात वेळा भरली, तर तेवढी आहे. त्याहून सोपे म्हणजे नेहमीच्या पिठाच्या पाच सपाट वाट्या पिशवीत भरा, किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि वजनाला पाचने भागा. दळण बदलले की पुन्हा एकदा मोजा.

लहान बाळाच्या बाबतीत चूक उलट्या बाजूने होते. वाटीभर पातळ आंबील पाजली की आईला वाटते, पोट भरले. पोट भरतेही, पण पाण्याने. त्या वाटीत पीठ एकच सपाट मोठा चमचा असेल, तर ते जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे ३५ कॅलरी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या आहारातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. म्हणून शिजलेली वाटी मोजू नका, कोरडे पीठ मोजा. चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळणार नाही इतके घट्ट शिजवा आणि वरून लहान चमचाभर तेल घाला. तेवढ्यानेच ४० कॅलरी वाढतात.