टेंडरमध्ये रेडफिश कसा लिहावा

आयटी४आयटी या आयटी-व्यवस्थापनाच्या मानकातल्या ‘डिटेक्ट टू करेक्ट’कडे, म्हणजे बिघाड ओळखून दुरुस्त करण्याच्या भागाकडे, आज वळायचं होतं, पण ते आठवडाभर थांबेल. डोंबिवलीच्या एका पतपेढीत संगणक विभाग सांभाळणाऱ्या वाचक बाईंचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे तीन कंपन्यांचे सर्व्हर आहेत आणि तिन्हींच्या देखरेखीचे स्क्रीन वेगळे. पंखा बंद पडला तर कुठे बघायचं, हे नव्या मुलाला तीनदा शिकवावं लागतं. यावर काही उपाय आहे का, असं त्या विचारतात. आहे, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

बहुतेक सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक चिमुकला संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असलं तरी तो जागा असतो. तापमान, पंख्यांचा वेग, वीजपुरवठा सगळं त्याला कळतं. त्याच्याशी बोलायची सामाईक रीत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ साली ठरवली, ती आयपीएमआय. तिने बरीच वर्षं काम भागवलं, पण तिच्या दुसऱ्या आवृत्तीत लॉगिन पुरं होण्याआधीच समोरच्याला पासवर्डचा हॅश मिळतो. असं दार उघडं ठेवून पतपेढी चालवता येत नाही.

२०१५ साली डीएमटीएफने तिच्या जागी नवी सामाईक रीत म्हणून रेडफिश आणला. १९९२ पासून ही संस्था स्पर्धक कंपन्यांना एका टेबलाशी बसवते आणि तयार झालेलं मानक कुणालाही फुकट देते. रेडफिश साध्या एचटीटीपीएसवर चालतो, त्यामुळे करून बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. बीएमसीचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘रेडफिश’ आणि पुन्हा तिरकी रेघ देऊन ‘व्ही१’ (अक्षरं अर्थात रोमन). पहिलं पान लॉगिनशिवाय उघडतं. त्यात ‘सिस्टिम्स’, ‘चॅसिस’, ‘मॅनेजर्स’ असे दुवे दिसतात. लॉगिन करून ‘सिस्टिम्स’मधल्या यंत्रापाशी गेलात की ‘पॉवरस्टेट’समोर ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ लिहिलेलं असतं, यंत्र डेलचं असो की लेनोव्होचं. आमच्या कोपरीतून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत रात्रपाळीला जाणाऱ्या मुलांना हे पाठ आहे.

मग घोडं अडतं कुठे? ‘ओईएम’ या कप्प्यात. मानकात नसलेलं काही द्यायचं असेल तर कंपनीने ते या कप्प्यात ठेवायचं, अशी सोय मुद्दाम केलेली आहे. माझ्या मते ती शहाणपणाची आहे, कारण तिच्याविना एकही कंपनी टेबलाशी टिकली नसती. पण तुमचं रोजचं काम त्या कप्प्यावर चालायला लागलं की तुम्ही परत त्या एका कंपनीचे झालात.

म्हणून टेंडरमध्ये नुसतं ‘रेडफिश सपोर्ट हवा’ लिहून भागत नाही. त्याला प्रत्येक विक्रेता हो म्हणतो. डीएमटीएफचं ‘इंटरऑप व्हॅलिडेटर’ हे मोफत साधन आहे. आपल्याला कोणती माहिती आणि कोणत्या क्रिया हव्यात याची प्रोफाइल नावाची फाइल आपणच लिहायची. व्हॅलिडेटर ती यंत्रावर तपासून पास-नापास सांगतो. ती फाइल टेंडरला जोडा आणि बिल चुकतं करण्याआधी प्रत्येक यंत्रावर चालवा.

अशा फाइलचा उपयोग एका संस्थेपुरता नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २०००च्या सुमारास नागरी सुविधा केंद्रं संगणकावर आणली आणि राज्याने तो नमुना पुढे इतर शहरांत नेला. अशा वेळी सॉफ्टवेअर एकच असलं तरी खालची यंत्रं गावोगाव वेगळी असू शकतात, तेव्हा अशी फाइल एकदाच लिहून सगळीकडे वापरता येते. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०१०च्या खुल्या मानकांच्या धोरणातली कसोटीही सोबत ठेवा: मानकावर रॉयल्टी नसावी, ते ना-नफा संस्थेने सांभाळावं आणि त्यात सर्व संबंधितांना भाग घेता यावा. पतपेढीला हे धोरण बंधनकारक नाही, पण खरेदी समितीपुढे ठेवायला भक्कम आहे.

बाईंनी सुरुवात तापमान, पंखे, वीजपुरवठा आणि दुरून रीस्टार्ट एवढ्या चार गोष्टींच्या प्रोफाइलने करावी. तिन्ही कंपन्यांच्या जुन्या सर्व्हरांवर ती आधी चालवून बघावी आणि निकाल मला कळवावा. ‘डिटेक्ट टू करेक्ट’ला तोच पुढच्या आठवड्यात उदाहरण म्हणून घेऊ.