गाडी दिसते, पण वेग का कळत नाही?

गावातला रस्ता डांबरी झाला, रुंद झाला, तशा गाड्याही भरधाव झाल्या. आणि गटांच्या बैठकांत आम्हाला एक तक्रार सारखी ऐकू येऊ लागली. "सासूबाईंना मोटरसायकल येताना दिसत होती, तरी मध्येच निघाल्या." घरचे चिडतात, "दिसत नाही का तुम्हाला?" आजी म्हणतात, "दिसली गं, पण लांब होती."

आजी खरंच सांगत असतात. गाडी दिसणं आणि तिचा वेग कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. वय वाढतं तसं दुसरं काम आधी अवघड होऊ शकतं. ते कसं, हे आज समजून घेऊ.

डोळा फक्त चित्र आत पाठवतो. त्या चित्रातलं काय हलतंय, कुठल्या दिशेला, किती जोरात, हे मेंदू ठरवतो. मेंदूच्या मागच्या बाजूला, दोन्हीकडे, या कामासाठी खास जागा आहेत. हे एका जर्मन बाईच्या आजारामुळे फार स्पष्ट झालं. १९७८ साली मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन तिच्या नेमक्या याच भागांना इजा झाली. १९८३ साली योसेफ झिल आणि त्यांच्या सोबत्यांनी तिची हकिकत प्रसिद्ध केली. तिला माणसं ओळखू येत, रंग दिसत, वस्तू दिसत. फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार बर्फासारखी गोठलेली वाटे. कप भरत आलेला कळत नसे, म्हणून चहा सांडे. रस्त्यावर गाडी आधी लांब दिसे आणि मग एकदम अंगावर आलेली. पुढे ती गाडीच्या आवाजावरून अंतर ओळखायला शिकली.

म्हातारपणी इतकं टोकाचं काही होत नाही. पण या जागांचं काम थोडं ढिलं पडतं. त्यासाठी आपल्या बैठकीचंच उदाहरण घेऊ. वीस जणी एकदम बोलू लागल्या तर कुणाचंच कळत नाही. अध्यक्षा म्हणते, "जरा थांबा, एकेकीने बोला," मग नीट ऐकू येतं. मेंदूतही पेशींना "जरा थांबा" सांगणारी रसायनं असतात. त्यातल्या एकाचं नाव गाबा. वयानुसार हा धाक कमी होतो आणि पेशींचा गलका वाढतो, असं संशोधकांना वाटतं. २००३ साली म्हाताऱ्या माकडांवर एक प्रयोग झाला. त्यात पाहण्याचं काम करणाऱ्या पेशींना गाबा दिल्यावर त्या तरुण पेशींसारखं नेमकं काम करू लागल्या. पण हा प्रयोगशाळेतला प्रयोग होता. त्यावरून दुकानात गोळ्या मागायला जाऊ नका.

याची एक गंमतही आहे. २००५ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की मोठं, ठळक चित्र सरकत असेल तर त्याची दिशा म्हाताऱ्या माणसांना तरुणांपेक्षा लवकर कळते! कारण तरुण मेंदू मागची मोठी हालचाल मुद्दाम दाबून ठेवतो, म्हणजे तिच्यातली लहान वस्तू उठून दिसावी. म्हाताऱ्या मेंदूत ती दाबली जात नाही. म्हणून बाजाराच्या गर्दीत सगळं हलताना दिसतं, पण त्यातून येणारी एक सायकल वेगळी काढता येत नाही.

आता रस्त्याचा हिशोब करू. दोन पदरी डांबरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. सेकंदाला पाऊण मीटर चालणाऱ्या आजींना तो ओलांडायला ९ सेकंदांहून जास्त लागतात. गाडी १०० मीटरवर आहे असं समजा. ती ताशी ३० किलोमीटरने येत असेल, तर पोचायला १२ सेकंद लागतील आणि आजी सुखरूप पलीकडे जातील. पण तीच गाडी ६० ने येत असेल, तर ६ सेकंदांत पोचेल. आजी तेव्हा रस्त्याच्या मध्यावर असतील. अंतर तेच, फरक वेगाचा. आणि अभ्यासांत दिसलंय, की वयस्कर माणसं रस्ता ओलांडताना वेगापेक्षा अंतरावर जास्त भिस्त ठेवतात.

दिवेलागणीला हे आणखी अवघड होतं. आणि वयस्कर माणसं तोल सांभाळायला डोळ्यांवर जास्त विसंबतात. म्हणून स्टँडवर शेजारची एसटी हलली, तरी आपणच हललो असं वाटून तोल जातो.

मग करायचं काय?

पहिलं, डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू हा वेगळा आजार आहे आणि तो शस्त्रक्रियेने बरा होतो. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. मोतीबिंदू असेल तर वेगाचा अंदाज आणखी चुकतो.

दुसरं, "लांब आहे, जाईन" असं न म्हणता "येतेय ना, मग जाऊ दे" अशी सवय लावा. रस्ता मोकळा झाल्यावरच निघायचं. वळणावर ओलांडायचं नाही, दोन्हीकडचं लांबवर दिसेल अशा जागी ओलांडायचं. मान वळवून बघायचं आणि कानही उघडे ठेवायचे. अंधारात फिकट रंगाचं लुगडं किंवा हातात बॅटरी असू द्या, म्हणजे गाडीवाल्याला तरी आजी दिसतील.

तिसरं, एसटी उभी असली तरी चढता-उतरताना दांडी धरायची.

चौथं, दिसण्यात एकाएकी फरक पडला, बोलणं अडखळलं किंवा एक हात गळाला, तर ते वय म्हणून सोडू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या.

आणि घरातल्या तरुण मुली-सुनांना सांगणं, की आजींना बाहेर जायला बंदी करू नका. सराव दिल्यावर म्हाताऱ्या माणसांची हालचाल ओळखण्याची क्षमता सुधारते, असं प्रयोगांत दिसलं आहे. देवळात, शेजारी, बैठकीला त्यांना जाऊ द्या, मोठा रस्ता असेल तिथे सोबत द्या. पुढच्या बैठकीत गावातली ओलांडायला धोक्याची ठिकाणं लिहून काढा. तिथे गतिरोधक हवा असेल तर ग्रामसभेत गटाच्या नावाने अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.