संचालनप्रणालीची निवड आणि वऱ्हाडी बोली

वैयक्तिक संगणकाच्या संचालनप्रणालींची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, तुलना करताना बहुधा किंमत, वेग आणि सोय एवढ्याच गोष्टी विचारात घेतल्या जातात. भाषेच्या अभ्यासकास मात्र आणखी एक कसोटी लावावी लागते. आपल्या भाषेचे एखादे रूप प्रणालीस ठाऊक नसेल, तर ते तीत घालण्याचा अधिकार कोणाकडे राहतो? वाशीम जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या वऱ्हाडीच्या उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होईल.

विंडोजसारख्या व्यापारी प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कंपनीच्या स्वाधीन असते. ग्राहकास केवळ वापराचा परवाना मिळतो. उलटपक्षी, लिनस टॉरवल्ड्स याने 1991 मध्ये आरंभिलेल्या लिनक्सची संहिता वाचण्यास, बदलण्यास आणि इतरांस देण्यास सर्वांना मुभा आहे. इंग्रजी 'फ्री' या शब्दाने येथे घोटाळा होतो. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्द भिन्न असल्याने तो टळतो. मुक्त प्रणाली मोबदला घेऊन विकताही येते.

केवळ लिपीपुरते पाहिल्यास दोन्ही पक्ष जवळजवळ समान आहेत. 'दर्या' व 'दऱ्या' यांतील भेद, किंबहुना 'वऱ्हाडी' हे नावच, युनिकोडच्या आधारे दोन्हींत यथायोग्य उमटते. विंडोजमध्ये देवनागरीची सोय 2000 च्या आवृत्तीपासून आहे, हेही मान्य केले पाहिजे.

खरा भेद बोलीपाशी दिसतो. वऱ्हाडीत 'डोळा' याचे 'डोया' होते, तर 'ला' या प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो. प्रमाण मराठीचा शुद्धलेखन-तपासक 'घराले', 'पोराले', 'वावराले' ही सारी रूपे अशुद्ध ठरवतो. वापरणाऱ्याच्या खासगी कोशात ती एकेक करून घालता येतात. परंतु असा कोश शब्द स्वीकारतो, नियम स्वीकारीत नाही. हंस्पेल या मुक्त तपासकात शब्दसूची व प्रत्ययनियम साध्या मजकुराच्या धारिकांत असतात. सामान्यरूपे नोंदलेली असली की 'ले' हा प्रत्यय एका नियमाने सर्वांस लावता येतो. हंस्पेल विंडोजवरील लिबरऑफिसमध्येही चालतो, हे खरे. तथापि वार-महिन्यांची नावे, वर्णक्रम आणि पडद्यावरील सूचना यांसह वऱ्हाडीस स्वतंत्र भाषा म्हणून प्रणालीतच स्थान द्यावयाचे, तर व्यापारी प्रणालीत तो निर्णय कंपनीचा असतो, आणि तो बाजारपेठ पाहून होतो. लिनक्समध्ये ती सामग्री कोणासही रचता येते. आयएसओ 639-3 या मानकात वऱ्हाडी-नागपुरीस 'व्हीएएच' हा संकेत आधीच मिळालेला आहे.

प्रणालीच्या आयुर्मानाविषयीही हेच म्हणता येईल. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, तो कंपनीच्या निर्णयाने. विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या अनेक जुन्या यंत्रांवर लिनक्स अद्याप चालते.

यावरून मुक्त प्रणाली वापरताच बोलीचे रक्षण होते, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. संहिता खुली असली तरी शब्दसूची आपोआप सिद्ध होत नाही. 'डोया' लिहावे की अन्य काही, सामान्यरूपे कोणती मानावीत, गावोगावच्या भेदांची व्यवस्था कशी लावावी, हे प्रश्न प्रोग्रामरचे नसून भाषाशास्त्रज्ञाचे आहेत. व्यापारी प्रणालीत वऱ्हाडी नसण्याचा दोष कंपनीस देता येतो. मुक्त प्रणालीत ती नसेल, तर उत्तरदायित्व भाषेच्या अभ्यासकांकडे येते.